आधी बघायचं, मग हात लावायचा

पेशंट दारातून आत येतो तिथूनच माझी तपासणी सुरू होते. अजून तो बसलेला नसतो, काय दुखतंय ते त्याने सांगितलेलं नसतं, फाइल त्याच्याच हातात असते. पण खुर्ची ओढायला कुठला हात पुढे आला, मागे बघताना मान वळली की आख्खं धड वळलं, बसताना भार कुठल्या पायावर गेला, हे मी तोवर बघून घेतलेलं असतं. फिजिओथेरपी शिकताना पहिल्याच वर्षी आमच्या बाई सारख्या बजावायच्या, आधी बघायचं, मग हात लावायचा. बोटांनी दाबून, सांधा हलवून जे कळतं ते नंतरचं. बावीस वर्षं झाली, रोज हेच करते आहे.

त्याच्या जोडीने गेली चौदा वर्षं मी कथा लिहिते, आणि काही सुचेनासं झालं की चित्रप्रदर्शनाला जायचं ही सवय तर त्याहून जुनी. पेशंट बघणं आणि चित्र बघणं या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत हे मला फार उशिरा कळलं. कारण कलादालनात शिरल्यावर मी माझ्या कामाच्या बरोबर उलटं वागायचे. पहिल्या चित्रापाशी जायचं, आधी बाजूची चिठ्ठी वाचायची. नाव, वर्ष, 'कॅनव्हासवर तैलरंग', लांबी-रुंदी. मग मान वर करून चित्र बघायचं, मोबाइलमध्ये फोटो घ्यायचा आणि पुढे सरकायचं. घरी येऊन फोटो उघडायचा आणि लिहायला बसायचं. 'निळ्या खिडकीशी एक उदास स्त्री बसली होती,' अशी सुरुवात व्हायची आणि दोन पानांत गोष्ट संपायची. चित्रकाराने रंगांनी एकदा करून ठेवलेलं कामच मी शब्दांनी पुन्हा करत होते. पेशंटला मी असं कधीच तपासलं नसतं. रिपोर्ट वाचायचा, माणसाकडे ओझरतं बघायचं आणि घरी जाऊन त्याच्या फोटोवरून निदान करायचं, याला कुणी तपासणी म्हणेल का?

हे बदललं ते सहा वर्षांपूर्वी, एका ग्रुप शोमध्ये. सात-आठ तरुण चित्रकारांची चित्रं होती. दिवसभर उभी राहून काम केलं होतं, पाय भरून आले होते, म्हणून मी दालनातल्या एकुलत्या एका बाकावर बसले. बाकासमोर जे चित्र टांगलेलं होतं तेच बघावं लागलं. म्हणजे चित्र मी निवडलंही नव्हतं. एक म्हातारा माणूस कॉटच्या कडेला बसलाय, उजव्या हातात मोजा आहे, आणि तो पायात घालण्याआधी थोडा थांबलाय. रंग फिके. असे म्हातारे मी रोज बघते, म्हणून आधी नजर सरकली. मग परत आली आणि त्याच्या डाव्या हातावर थांबली.

तो हात त्याने मागे गादीवर टेकला होता. पण तळवा नव्हे, मूठ टेकली होती.

तुम्ही आत्ता जिथे बसला आहात तिथे एक हात मागे टेकून बघा. बहुतेक जण तळवा टेकतील. तळवा टेकला आणि अंगाचा भार त्यावर दिला की मनगट मागे वाकतं, जवळजवळ काटकोनात. ज्याचं मनगट तेवढं वाकत नाही, किंवा वाकवलं की दुखतं, तो मूठ करतो. मुठीवर भार दिला की मनगट सरळ राहतं. जुनं फ्रॅक्चर झालेली माणसं हे आपोआप करतात, त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. चित्रातल्या माणसाच्या मुठीखाली गादीला खड्डा पडला होता, आणि तो त्याच्या मांडीखालच्या खड्ड्यापेक्षा खोल होता. म्हणजे मूठ नुसती ठेवलेली नव्हती, तिच्यावर माणूस तोललेला होता.

मी बाकावरून उठले नाही. पिशवीतून वही काढली. पेन काढलं तेव्हा तिथल्या राखणदार काकांनी जवळ येऊन हळूच सांगितलं की आत पेन चालत नाही, पेन्सिल चालते, आणि स्वतःच्या खिशातली छोटीशी पेन्सिल मला दिली. बऱ्याच संग्रहालयांत हा नियम असतो. शाईचा एक ओरखडा चित्रावर गेला तर तो निघत नाही. त्या दिवसापासून मी कलादालनात पेन्सिलनेच लिहिते. पेन्सिलने लिहिताना हात जरा हळू चालतो आणि त्याचाही उपयोग होतो.

आमच्या केसपेपरला दोन बाजू असतात. पेशंट काय सांगतो ते एकीकडे, मला तपासून काय आढळलं ते दुसरीकडे. या दोन गोष्टी मिसळायच्या नाहीत, हे आमच्याकडे अगदी कडक असतं. त्या दिवशी वहीचं उघडं पान समोर आलं तेव्हा मी सवयीने मधोमध बघितलं आणि डाव्या पानावर लिहिलं 'आढळलं', उजव्या पानावर 'वाटलं'. चित्रापुढे बसून लिहायची माझी रीत एवढीच आहे, त्यानंतर तिच्यात काहीही भर पडलेली नाही.

डाव्या पानावरचं त्या दिवशीचं जसंच्या तसं देते. 'डावी मूठ, अंगठा बाहेर. मनगट सरळ. डावा खांदा कानाकडे चढलेला. मोज्याचं तोंड दोन बोटांनी उघडून धरलंय. उजवं पाऊल बाहेर वळलेलं. डावं पाऊल चौकटीबाहेर. मान खाली, हनुवटी आणि छातीत चार बोटांचं अंतर. उशी एकच. चादरीला बोळा नाही.' हे लिहायला चाळीस मिनिटं लागली. खरी कसोटी डाव्या पानाचीच असते. तिथे 'उदास' हा शब्द चालत नाही, 'एकटा' चालत नाही, 'थकलेला' तर अजिबात नाही. उदास हे आढळत नाही, ते वाटतं. आढळते ती हनुवटी आणि छातीतलं चार बोटांचं अंतर. लिहिणाऱ्या माणसाला 'उदास' हा शब्द फार लवकर सापडतो, आणि तो सापडला की डोळे काम थांबवतात. मी कित्येक प्रदर्शनं या एका शब्दापायी वाया घालवली आहेत.

उजव्या पानावर मात्र काहीही चालतं. तिथे मी लिहिलं होतं, 'ही मूठ पूर्वी कुणावर तरी उगारलेली आहे.' आणि तिथून कथा सुटली. त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. आधी थांबण्याबद्दल बोलू दे.

चित्रासमोर माणसं किती वेळ थांबतात हे कुणीतरी घड्याळ लावून मोजलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये छापून आला. नामांकित चित्रांपुढे आलेल्या दीडशे लोकांची नोंद त्यांनी घेतली. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि निम्मी माणसं तर १७ सेकंदांतच पुढे गेली होती. ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. मीही त्यांतलीच होते.

दुसऱ्या टोकाला जेनिफर रॉबर्ट्स आहेत. हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवतात. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसायला लावतात. स्वतः बसल्या तेव्हाचा अनुभव त्यांनी लिहून ठेवलाय. चित्र होतं जॉन सिंगलटन कॉपली याचं, १७६५ सालचं. एक मुलगा टेबलाशी बसलाय, त्याच्या हातात साखळी आणि साखळीला बांधलेली छोटी उडती खार. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाकडच्या केसांची कड एकसारखी आहे, हे त्यांच्या लक्षात यायला ९ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पाण्याच्या पेल्याच्या रुंदीएवढंच आहे, हे कळायला २१ मिनिटं. मागच्या पडद्याच्या चुण्यांमध्ये मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचे आकार पुन्हा आलेत, याला ४५ मिनिटं. कला शिकण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंना कान आणि खार जुळवायला नऊ मिनिटं लागतात, तिथे आपण सतरा सेकंदांत काय बघणार?

तीन तास मला कधी मिळत नाहीत. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मिळतात. माझा अनुभव असा की पहिल्या पाच-सात मिनिटांत सगळं बघून झाल्यासारखं वाटतं. मग कंटाळा येतो, अगदी जांभई येईपर्यंत. हा कंटाळा ओलांडावा लागतो. त्याच्या पलीकडे कधीतरी हाताची मूठ दिसते. कंटाळा आला म्हणून उठलात तर तुमच्याबरोबर घरी येईल ते सगळ्यांनाच दिसणारं चित्र, आणि सगळ्यांनाच दिसणाऱ्या चित्रावर तुमची अशी कथा कशी होणार?

एका बैठकीत जमलं नाही तर परत जावं. रिल्के हा कवी १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला सेझानची चित्रं बघायला जवळजवळ रोज जात होता. सेझान आदल्याच वर्षी गेला होता आणि त्याच्या चित्रांना एका मोठ्या प्रदर्शनात वेगळी दालनं दिली होती. रोज बघून आल्यावर तो बायकोला, क्लाराला, पत्र लिहायचा, त्या दिवशी काय नवं दिसलं ते. ती चित्रं बदलत नव्हती. पत्रं बदलत होती. मी आता एखाद्या प्रदर्शनात एकच चित्र निवडते आणि ते भिंतीवरून उतरवेपर्यंत निदान दोनदा जाते. बाकीच्या भिंतींवरून नुसती चालत जाते. चाळीस चित्रं 'बघून टाकायची' हा हट्ट सोडल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

अमूर्त चित्रांसमोर लिहिता येत नाही असं बरेच जण म्हणतात, 'त्यात काही नाहीच' म्हणून. मला उलट तिथे सोपं जातं, कारण तिथे चित्रकाराचं स्वतःचं शरीर दिसतं. आखूड, वळलेला फटकारा मनगटातून येतो. हातभर लांब सरळ रेघ कोपरातून येते. कॅनव्हासच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली कमान खांद्यातून, कधी पावलांतूनही येते. वासुदेव गायतोंडे १९८४ मध्ये अपघातात जखमी झाले, त्यानंतर काही वर्षं त्यांना मोठे कॅनव्हास करता आले नाहीत आणि त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान कामं केली. फ्रेंच चित्रकार मातिसची १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापायला घेतले. अंथरुणात बसून लांब काठीच्या टोकाला कोळसा लावून तो भिंतीवर काढायचा. हे समजलं की मी त्या आकारांना निव्वळ आकार म्हणून बघूच शकत नाही. कात्री धरलेला अंगठा दिसतो. माझ्या एका कथेतल्या शिंपिणीचा हात मला त्या कापलेल्या कागदांतून मिळाला.

आता वरमीरच्या मुलीबद्दल. हे मी प्रदर्शनात बघितलेलं चित्र नाही, पुस्तकातल्या छापील प्रतीवरून बघितलेलं आहे, पण माझ्या लिहिण्यावर त्याचा इतका परिणाम झालाय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस वरमीर. उघड्या खिडकीशी उभी राहून एक मुलगी पत्र वाचते आहे, खिडकीच्या काचेत तिचा चेहरा उमटलाय. चित्र जर्मनीत ड्रेसडेनला असतं. मुलीच्या मागे एक मोठी मोकळी भिंत. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी त्या भिंतीवरच कथा लिहिली होती. एवढी भिंत आणि त्यावर काहीच नाही, एक खिळासुद्धा नाही. म्हणजे त्या पत्रात काय आहे याचा या घराला पत्ताच नाही, ती जी बातमी वाचते आहे ती फक्त तिच्या दोन हातांत आहे, असं मी धरून चालले. कथा एका मासिकात आली, लोकांना आवडलीही.

पुढे कळलं की ती भिंत मोकळी नव्हतीच. क्ष-किरणांच्या तपासणीत त्या रंगाखाली एक चित्र असल्याचं १९७९ मध्येच दिसलं होतं, पण वरमीरनेच ते पुसलं असं समजत होते. नंतरच्या तपासणीत लक्षात आलं की वरचा रंग वरमीर गेल्यानंतर दुसऱ्याच कुणीतरी दिलेला आहे. मग दुरुस्ती करणाऱ्यांनी तो थर अतिशय सावकाश, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने खरवडून काढला, आणि २०२१ मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे आलं. भिंतीवर भली मोठी चौकट आणि तिच्यात मदन उभा, पायाखाली मुखवटे तुडवत. खोटेपणाला तुडवणारं खरं प्रेम, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे पत्रात काय आहे हे त्या घराच्या भिंतीला चांगलं ठाऊक होतं.

बातमी वाचली त्या रात्री मी माझी कथा काढून पुन्हा वाचली. आधी वाटलं, सगळीच कोसळली. मग 'आढळलं' आणि 'वाटलं' असे दोन रंग घेऊन खुणा करत गेले. काचेतला चेहरा, पत्राचा चुरगळलेला कागद, कोपर अंगाशी घट्ट लावलेले, हे सगळं अजूनही तसंच होतं आणि कथेतल्या चांगल्या ओळी त्यांच्याच होत्या. जी पानं 'भिंत काय सांगते' यावर होती तिथे मी नुसते अर्थ लावले होते, आणि मदन नसता दिसला तरी ती पानं लंगडीच होती. ती मी कापली. पावणेतीन पानं गेली. कथा आता आखूड आहे आणि मला पहिल्यापेक्षा खरी वाटते. मदन तिच्यात घातला नाही. माझ्या मुलीच्या मागे भिंत मोकळीच आहे, पण त्या भिंतीबद्दल कथा आता गप्प असते.

आणखी एक चित्र, हेही छापील प्रतीवरून. अँड्र्यू वायेथचं 'क्रिस्टिनाज वर्ल्ड', १९४८ सालचं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. वाळक्या गवताचं माळरान, दूर टेकाडावर करडं घर, आणि पाठमोरी एक बाई फिक्या गुलाबी झग्यात जमिनीवर, दोन्ही हातांवर अंग रेटून घराकडे बघणारी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीतरी खटकलं. दंड बारीक, कोपराशी हाडं वर आलेली, बोटं आखडलेली. हे हात वर्षानुवर्षं आजारी आहेत. पण कंबर आणि पाठ? ती पाठ तरुण आहे. पाय चालत नाहीत म्हणून आयुष्यभर हातांवर सरपटलेल्या बाईची पाठ अशी नसते. मी ते नोंदवून ठेवलं आणि विषय सोडला.

नंतर वाचनात आलं. क्रिस्टिना ओल्सन ही वायेथची शेजारीण, चित्र काढलं तेव्हा ५५ वर्षांची. तिला चालता येत नव्हतं, चाकाची खुर्ची तिला नको होती, ती घरात आणि शेतात सरपटत जायची. खूप वर्षं लोक पोलिओ धरून चालले होते. २०१६ मध्ये एका मेंदूरोगतज्ज्ञांनी तिच्या लक्षणांवरून शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार असावा असं मत मांडलं. आणि चित्रातल्या धडासाठी बसली होती वायेथची बायको बेट्सी, विशीतली. हात एकीचे, पाठ दुसरीची. दोघींना जोडून एक बाई झाली, आणि ती कुणालाच जोडलेली वाटत नाही.

पात्रं कशी करायची हे मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा या चित्राने जास्त शिकवलं. ओळखीच्या माणसाला आख्खं उचलून कथेत बसवायची माझी जुनी खोड होती. आता मी हात एकाचे घेते. पण ते हात खरे असावे लागतात, अगदी कोपराच्या हाडापर्यंत. ते खरे असले की पाठ कुणाचीही चालते.

भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकाचा पहिला अंक आठवा. लक्ष्मण रामाच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं दाखवायला आणतो. राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच भोगलेलं स्वतःच बघत असतात. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता घाबरून विरहाच्या भीतीने बोलून जाते, तेव्हा रामाला तिची समजूत काढावी लागते की अगं, हे चित्र आहे. आणि ती चित्रं बघूनच तिला पुन्हा वनात जावंसं, भागीरथीत उतरावंसं वाटतं. पुढे ती वनात नेली जाते ती याच इच्छेच्या आधाराने. चित्रातलं माणूस कुणाचं तरी असतं आणि ते बघणाऱ्याला लागतं, हे आपल्याकडे आठव्या शतकात किती खोल ठाऊक होतं! मला मात्र ते स्वतःच्या अनुभवातून शिकावं लागलं.

त्या ग्रुप शोच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेले. मधल्या चार रात्रींत कथेचा कच्चा खर्डा झाला होता आणि तो पिशवीत होता. त्यात तो म्हातारा तीस वर्षं बायकोवर हात उगारणारा माणूस होता, आणि आता ती नाही आणि त्याला स्वतःचा मोजा घालता येत नाही. मला वाटत होतं, ही माझी सगळ्यात चांगली कथा होणार. चित्राशेजारी एक मुलगी अभिप्रायाची वही आवरत बसली होती. चित्र तिचंच होतं. मी सांगितलं की मी परवा याच्यासमोर खूप वेळ बसले होते.

"हो का? थँक यू," ती म्हणाली. "ते माझे बाबा."

पिशवी मी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. आत काय आहे ते तिला दिसतंय असं वाटत होतं. चित्रातला माणूस कुणाचा तरी असणार, हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण मी तो विचार बाजूला सारला होता, कारण कथा छान चालली होती.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "त्यांच्या डाव्या मनगटाला काय झालं होतं?"

"काही नाही. का?"

मी मूठ दाखवली. ती म्हणाली, "ते तसेच बसतात. मी दिसलं तसं काढलं." मग मी तिला बाकाच्या कडेला बसवलं, हात मागे टेकायला सांगितला. तिने तळवा टेकला. म्हटलं, आता मनगट बघ. मग मूठ करून टेक. तिने केली. आणि मग चित्राकडे बघत तशीच बसून राहिली, मुठीवर भार देऊन.

"मी नववीत होते," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "तेव्हा ते स्कूटरवरून पडले होते. प्लास्टर होतं. त्या प्लास्टरवर मी स्केचपेनने चित्रं काढायचे."

तिने तिथेच फोन लावला. मला फक्त तिच्या बाजूचं ऐकू येत होतं. "बाबा, डावा हात अजून दुखतो का तुमचा?" थोडं थांबून, "नाही, असंच. सांगा ना." मग, "कधीपासून पण?" आणि मग, "अहो, मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?" त्यापुढे ती काही बोलली नाही, ऐकत राहिली. मी उठून दुसऱ्या भिंतीकडे गेले.

निघताना तिने मला त्यांच्याबद्दल खूप सांगितलं. ज्या माणसाने घरात कधी आवाजही चढवला नाही अशा माणसाचं ते चित्र होतं. मनगट मी बरोबर वाचलं होतं. बाकीचं सगळं माझं मी लावलेलं होतं, आणि ते जसंच्या तसं छापून आलं असतं तर चित्र ओळखणाऱ्या प्रत्येकाने त्या बाबांना मारकुटा नवरा म्हणून वाचलं असतं. जिवंत चित्रकाराच्या चित्रावरून लिहिताना हे मी आता कधीच विसरत नाही. कविता असो, कथा असो, चित्र ओळखू येत असेल तर छापण्याआधी त्यांना पाठवते. एकदा एका चित्रकाराने नको म्हटलं, तेव्हा ती कविता वहीतच ठेवली.

म्हाताऱ्याची कथा मी आठ महिन्यांनी पुन्हा लिहायला घेतली. कॉट, मोजा, एकच उशी, सगळं सोडून दिलं. तो माणूसही सोडला. चित्रातली फक्त मूठ घेतली आणि ती एका बाईला दिली, बसथांब्याच्या बाकावर कडेला बसलेल्या, मुलीची वाट बघणाऱ्या. तिचं मनगट कधी, कसं मोडलं ते कथेत येतच नाही. बाबांची ओळख अजिबात राहू नये म्हणून मूठही डावीची उजवी केली. मग ती कथा त्या मुलीला पाठवली आणि पंधरा दिवस धाकधुकीत काढले.

तिचं उत्तर आलं. कथा आवडली, छापायला तिची काही हरकत नाही. खाली आणखी एक ओळ होती: "ताई, तिसऱ्या पानावर ही बाई त्याच उजव्या हाताने पाण्याने भरलेली बादली उचलते. उचलेल का?"

मी तिसरं पान काढलं. बादली डाव्या हातात दिली.